विश्लेषण : कट हुकला की बक्षीस नाही! दुसऱ्या फळीच्या व्यावसायिक गोल्फचा हंगाम कसा चालतो?

टीव्हीवर दिसणाऱ्या गोल्फमध्ये विजेत्याच्या हाती लाखो डॉलरचा धनादेश असतो. त्याच खेळाच्या खालच्या पायऱ्यांवर शेकडो व्यावसायिक गोल्फपटू रेल्वेने आणि बसने शहरामागून शहर गाठतात, स्वतःच्या खिशातून हॉटेलचे बिल भरतात आणि दोन दिवस खेळून रिकाम्या हाताने परततात. भारतातील व्यावसायिक टूर २०२५ मध्ये नव्या लीगमुळे आणि खेळाडूंवरील कारवाईमुळे चर्चेत आला. पण या वादाचे मूळ पैशांच्या रचनेत आहे. ही रचना नेमकी कशी आहे, तिच्यात जोखीम कोण उचलतो आणि नांदेड-लातूरच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाशी तिची तुलना का करावीशी वाटते, याविषयी…

दुसऱ्या फळीचा टूर म्हणजे काय?

क्रिकेटपटूला मंडळ करारबद्ध करते, फुटबॉलपटूला क्लब पगार देतो. व्यावसायिक गोल्फमध्ये असे काही नसते. खेळाडू हा स्वतंत्र व्यावसायिक असतो. वर्षभर वेगवेगळ्या मैदानांवर स्पर्धा होतात, त्यांच्या साखळीला टूर म्हणतात आणि त्या साखळीत खेळण्याच्या परवान्याला ‘कार्ड’. कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. स्पर्धेत उतरण्याचा तो फक्त हक्क आहे. कमाई त्या आठवड्यातल्या कामगिरीवर ठरते.

जगभरात या टूरची उतरंड आहे. सर्वात वर अमेरिकेचा पीजीए टूर, त्यानंतर युरोपचा डीपी वर्ल्ड टूर. पीजीए टूरखाली कॉर्न फेरी टूर आहे, डीपी वर्ल्ड टूरखाली पूर्वी चॅलेंज टूर म्हणून ओळखली जाणारी मालिका आहे. आशियात एशियन टूर आणि त्याखाली एशियन डेव्हलपमेंट टूर. भारताचा प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, हा देशातला मुख्य टूर असला तरी जागतिक उतरंडीत तो खालच्या पायऱ्यांवर येतो. त्याच्याही खाली ‘नेक्सजेन’ ही नवोदितांसाठीची मालिका आहे.

पायऱ्यांमधले अंतर आकड्यांत पाहिले की चित्र स्पष्ट होते. पीजीए टूरवरील प्लेयर्स चॅम्पियनशिपची एकूण बक्षीस रक्कम २०२५ मध्ये अडीच कोटी डॉलर होती. विजेत्याला त्यातले ४५ लाख डॉलर मिळाले. गुरुग्राममध्ये होणारी इंडियन ओपन ही डीपी वर्ल्ड टूरची स्पर्धा. तिची रक्कम २०२५ मध्ये साडेबावीस लाख डॉलर, म्हणजे १९ कोटी रुपयांच्या घरात होती. पीजीटीआयवरील नेहमीची स्पर्धा एक कोटी रुपयांच्या आसपासची असते. खेळ तोच, होल अठराच, चेंडूही तोच. बदलतो तो फक्त शेवटचा आकडा.

भारतातला टूर कोण चालवतो?

पीजीटीआयची स्थापना २००६ मध्ये झाली. ही मुळात खेळाडूंची संघटना आहे. स्पर्धा ठरवणे, प्रायोजक आणणे, नियम आखणे ही कामे तिच्याकडे असतात. जून २०२४ मध्ये विश्वविजेत्या क्रिकेट संघाचे कर्णधार कपिल देव तिचे अध्यक्ष झाले. क्रिकेट सोडल्यावर कपिल देव गोल्फमध्ये रमले होतेच.

हंगामात दिल्ली परिसर, चंडीगड, अहमदाबाद, कोलकाता, जमशेदपूर, बेंगळूरु, हैदराबाद अशा शहरांतील मैदानांवर स्पर्धा होतात. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लब मैदानावरही त्या झाल्या आहेत. भारतीयांसोबत बांगलादेश आणि श्रीलंकेचे खेळाडूही या टूरवर खेळतात. येथील कामगिरीवर जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात. हे गुण थोडे असतात, पण त्यांची किंमत मोठी ठरू शकते.

पुण्याचा उदयन माने हे त्याचे उदाहरण. भारतीय टूरवर अनेक विजेतेपदे मिळवणारा उदयन जागतिक क्रमवारीत साडेतीनशेच्या आसपास होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फसाठी ६० जणांनाच प्रवेश होता आणि एका देशाला मिळणाऱ्या जागांवर मर्यादा होती. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि राखीव यादीतल्या उदयनला जागा मिळाली. तिथे तो ५६ वा आला. देशांतर्गत टूरवर आठवड्यामागून आठवडा जमवलेले गुण त्याला ऑलिम्पिकच्या दारात घेऊन गेले. त्याच ऑलिम्पिकमध्ये महिला गटात अदिती अशोक चौथी आली आणि भारतातल्या अनेक घरांत पहिल्यांदाच गोल्फ पहाटे उठून पाहिला गेला.

कार्ड कसे मिळते?

दोन वाटा आहेत. पहिली पात्रता फेरीची. हंगामापूर्वी होणाऱ्या या फेरीला ‘क्वालिफाइंग स्कूल’ म्हणतात. नाव शाळेचे असले तरी तिथे शिकवत कोणी नाही. प्राथमिक टप्प्यातून पुढे गेलेले खेळाडू अंतिम टप्प्यात खेळतात आणि वरच्या ठरावीक जणांनाच कार्ड मिळते. वर्षभराची संधी काही दिवसांत ठरते.

दुसरी वाट, आधीच्या हंगामातली कमाई. प्रत्येक स्पर्धेत मिळालेल्या रकमेची बेरीज होऊन क्रमवारी लागते. वर्षअखेरीस या क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेल्यांचे कार्ड टिकते. बाकीच्यांना पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणून हंगामातल्या शेवटच्या दोन-तीन स्पर्धांत क्रमवारीच्या मध्यावर असलेल्या खेळाडूंवर जिंकण्याहून मोठा ताण कार्ड वाचवण्याचा असतो.

स्पर्धेचा आठवडा कसा जातो?

स्पर्धा साधारणपणे चार दिवसांची. रोज १८ होलची एक फेरी, एकूण ७२ होल. त्याआधी एक-दोन दिवस मैदान समजून घेण्यासाठी सराव. वारा कुठून येतो, हिरवळीचा उतार कुठे वळतो, कुठल्या होलवर पाणी आहे, हे टिपून ठेवावे लागते. प्रवासाचे दिवस धरले तर आठवडा संपतोच.

पीजीटीआयच्या पूर्ण स्पर्धेत साधारण सव्वाशे खेळाडू उतरतात. दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो. पहिले ५० आणि पन्नासाव्या क्रमांकाशी बरोबरीत असलेले पुढे जातात. उरलेले तिथेच थांबतात आणि बक्षिसाच्या रकमेत त्यांचा वाटा नसतो.

गोल्फ न खेळणाऱ्याला ही क्रूरता लगेच जाणवत नाही. दोन दिवसांत सुमारे १४० फटके मारलेले असतात. शेवटच्या होलवर दोन-तीन फुटांचा पुट चुकला आणि कट एका फटक्याने हुकला, तर त्या एका फटक्याची किंमत म्हणजे संपूर्ण आठवड्याची मिळकत. हॉटेलवाल्याला, कॅडीला आणि तिकीट खिडकीला मात्र तो फटका ठाऊक नसतो.

एक कोटीतले कुणाला किती?

एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख रुपये मिळतात. उपविजेत्याला साधारण १० लाख. म्हणजे रकमेचा चौथा हिस्सा पहिल्या दोघांकडे जातो. उरले ७५ लाख. कट पार करणाऱ्या बाकीच्या सुमारे ४८ जणांत ते समान वाटले, तर प्रत्येकी दीड लाखाच्या थोडे वर पडतील. पण वाटप समान नसते. ते उतरत्या क्रमाने असते. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याला काही लाख मिळतात, तर तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावरच्याला सरासरीहून बरेच कमी.

याचा अर्थ असा, की सव्वाशेपैकी सुमारे ७५ जणांना काहीच नाही, अनेकांना जेमतेम खर्च भागेल इतके, आणि खरी कमाई वरच्या दहा-पंधरा जणांची. वर्षअखेरचे मोठे आकडे याच मोजक्या खेळाडूंचे असतात. २०२४ चा हंगाम जिंकणाऱ्या वीर अहलावतने दीड कोटीहून अधिक कमावले. बातमी त्याची होते. शंभराव्या क्रमांकावरच्या खेळाडूच्या हिशेबाची होत नाही.

खर्चाचा ताळा कसा बसतो?

प्रत्येकाचा खर्च वेगळा असतो. ज्या शहरात नातेवाईक आहेत तिथे राहण्याचे पैसे वाचतात. दोघे-तिघे मिळून एक खोली घेतात. विमानाऐवजी रेल्वेने जातात. तरीही ठरलेले खर्च सुटत नाहीत : प्रवेश शुल्क, प्रवास, सहा-सात रात्रींचा मुक्काम, जेवण, कॅडीचे मानधन, सरावाचे चेंडू, हातमोजे, क्लबची दुरुस्ती. शिवाय प्रशिक्षक आणि घरच्या मैदानाचे शुल्क वर्षभर चालूच.

हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका खेळाडूचा आठवड्याचा खर्च काटकसरीने ४० हजार रुपये आहे आणि तो हंगामात २० स्पर्धा खेळतो. खर्च झाला आठ लाख. समजा, त्यातल्या दहा स्पर्धांत तो कट पार करतो, म्हणजे निम्म्या वेळा देशातल्या पहिल्या पन्नासांत येतो. कट पार केल्यावर त्याला सरासरी ७५ हजार मिळतात असे धरले, तर कमाई साडेसात लाख. देशातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक असूनही वर्षअखेरीस तो ५० हजारांनी तोट्यात. प्रशिक्षकाचे शुल्क, कर, घरखर्च यात धरलेलाच नाही.

आता याच उदाहरणात एक बदल करून पाहा. दहापैकी एका आठवड्यात त्याला सूर गवसला आणि तो दुसरा आला. दहा लाख हाती आले, तोट्याचे वर्ष एकदम नफ्यात गेले. या खेळाचे अर्थकारण आणि मानसशास्त्र दोन्ही इथे दडलेले आहे. हंगाम वीस आठवड्यांचा दिसतो, पण तो ठरतो दोन-तीन आठवड्यांत. ते कुठले, हे आधी कळत नाही. त्यामुळे ज्याने थांबायला हवे तोही थांबत नाही. पुढच्या आठवड्यात काहीही होऊ शकते, आणि कधी कधी ते होतेही.

वरच्या पायरीचे दार किती उघडे?

डीपी वर्ल्ड टूरशी झालेल्या करारानंतर पीजीटीआयच्या कमाई क्रमवारीत अव्वल ठरणाऱ्याला पुढच्या हंगामासाठी युरोपच्या मुख्य टूरचे कार्ड मिळू लागले. २०२२ मध्ये सहा विजेतेपदे मिळवणारा मनू गंडास हा पहिला मानकरी. २०२३ मध्ये ओम प्रकाश चौहान, २०२४ मध्ये वीर अहलावत. त्याआधी भारतीय खेळाडूला परदेशी टूरच्या पात्रता फेऱ्यांसाठी स्वतःच्या खर्चाने जावे लागे, त्या तुलनेत हे मोठे पाऊल आहे.

पण दार एकाच माणसापुरते उघडते. शिवाय आत गेल्यावर टिकणे हा वेगळाच डोंगर. दर आठवड्याला नवा देश, नवे हवामान, अनोळखी गवत आणि खर्च डॉलर-युरोंत. युरोपात एक हंगाम खेळून गंडास पुन्हा भारतीय टूरवर परतला. यात त्याचे कौशल्य कमी पडले असे म्हणण्यापेक्षा दोन पायऱ्यांमधली उंची किती आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

ओम प्रकाश चौहानचे नाव मराठवाड्यातल्या वाचकाने वेगळ्या कारणानेही लक्षात ठेवावे. तो मध्य प्रदेशातल्या महूचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मगावचा. याच महूचा मुकेश कुमार देशातल्या व्यावसायिक स्पर्धा जिंकण्यात अनेक वर्षे आघाडीवर राहिला आणि डिसेंबर २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी दिल्लीत एशियन टूरची स्पर्धा जिंकून गेला. लष्करी छावणीच्या छोट्या गावातून असे खेळाडू येतात याचे कारण साधे आहे : तिथे मैदान होते आणि मैदानाच्या कडेला मुले होती. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे ती स्पर्धा जिंकणाऱ्या एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्यातल्या रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळीची देखभाल करत. भारतीय गोल्फ हा केवळ श्रीमंतांचा खेळ, ही समजूत इथे अर्धी खरी ठरते. मैदान श्रीमंतांचे असते, पण टूरवर घाम गाळणाऱ्यांत कष्टकऱ्यांची मुलेही असतात.

जत्रेतल्या फडाशी तुलना का?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या वाचकाला ‘बक्षिसावर जगणारा खेळाडू’ ही कल्पना परकी नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड भरतो. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत महाशिवरात्रीच्या सुमारास कुस्त्या होतात. गावोगावच्या जत्रा-उरुसांची ही मालिका म्हणजे पैलवानांचा टूरच. सुगीनंतर तो सुरू होतो, जत्रेमागून जत्रा गाठत पैलवान फिरतात. लहानग्यांच्या कुस्त्या रेवडी-नारळावर लागतात आणि शेवटची मानाची कुस्ती मोठ्या इनामावर.

प्रवास, खुराक, दुखापत, अनिश्चित कमाई हे सगळे दोन्हीकडे सारखे आहे. फरक जोखमीच्या वाटणीत आहे. फडावरची मोठी जोड आधी ठरते आणि तिचे इनामही. यात्रा कमिटी लोकवर्गणीतून किंवा देणगीदाराकडून ते उभे करते. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत वाटले जाते. हरलेल्या पैलवानालाही काही हिस्सा किंवा येण्याजाण्याचा खर्च देण्याची रीत अनेक फडांत आहे. तालमीत राहण्याची सोय असते, वस्ताद असतो, कधी गावच खुराकाचा भार उचलते. म्हणजे हरण्याची किंमत एकट्या पैलवानाच्या खिशातून जात नाही. ती गावात, तालमीत थोडी थोडी वाटली जाते.

शिवाय कुस्तीला पुढच्या वाटा आहेत. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले आणि नंतर पुण्यात त्यांनी पैलवानांची पिढी घडवली. लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांनी पुण्यात तालीम उभी केली. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर आलेले हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे दोघेही त्यांचेच शिष्य. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून पोलीस उपअधीक्षक झाला. फडावरची कमाई थांबली तरी मॅटवरच्या पदकातून नोकरीची आशा असते.

व्यावसायिक गोल्फपटूचे तसे नाही. एकदा व्यावसायिक झाला की हौशी दर्जा जातो आणि हौशी स्पर्धांची दारे बंद होतात. कॉलेजच्या वयातच हा निर्णय घ्यावा लागतो. टूर साधला नाही तर प्रशिक्षक होणे किंवा क्लबवर काम पाहणे, एवढेच पर्याय खेळाशी जोडलेले उरतात.

नव्या लीगचा वाद नेमका कशावरून?

२०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग, म्हणजे आयजीपीएल, सुरू झाली. दीड कोटी रुपयांच्या स्पर्धा, विजेत्याला साडेबावीस लाख, चारऐवजी तीन फेऱ्या, मर्यादित खेळाडू आणि पुरुषांसोबत महिला गोल्फपटूही त्याच मैदानावर, अशी तिची रचना. यातली खेळाडूंच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कट नाही. मैदानात उतरलेला प्रत्येक जण शेवटपर्यंत खेळतो आणि काही ना काही घेऊन जातो.

गगनजीत भुल्लर, एसएसपी चौरासियासारखी मोठी नावे तिकडे गेली. पीजीटीआयने आपल्या नियमांचा आधार घेत तिकडे गेलेल्या खेळाडूंवर निलंबनाची कारवाई केली. २०२२ मध्ये सौदी पैशांवर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फने अमेरिका-युरोपात जे घडवले, त्याची ही छोटी भारतीय आवृत्ती. लिव्हमध्येही ४८ खेळाडू, तीन फेऱ्या, कट नाही आणि शेवटच्या क्रमांकालाही एक लाख २० हजार डॉलर, अशी सुरुवात झाली होती.

दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. पीजीटीआयचा मुद्दा असा, की टूर म्हणजे सर्वांसाठी खुली शिडी. सव्वाशे जणांना संधी, क्रमवारीचे गुण, युरोपचे कार्ड, हे सगळे तिथे आहे. मोठी नावे निघून गेली तर प्रायोजक पातळ होतात आणि त्याचा फटका तळाच्या खेळाडूला बसतो. दुसऱ्या बाजूचा मुद्दा, की स्वतंत्र व्यावसायिकाला पगार मिळत नसेल तर तो कुठे खेळतो यावर बंधन कसे? ज्याचा खर्च संघटना उचलत नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा किती करायची?

पण बारकाईने पाहिले तर नव्या लीगमध्येही हमी मिळते ती निवडलेल्यांना. गट छोटा असल्यामुळेच सर्वांना पैसे देणे परवडते. जो शंभराव्या क्रमांकावर आहे, त्याला तिथे बोलावणे येत नाही. त्याच्यासाठी जुनी शिडी आणि जुना कट हेच उरते.

हमी द्यायची तर ती कुणाला?

इथे जागतिक गोल्फचा एक विरोधाभास दिसतो. लिव्हच्या स्पर्धेनंतर पीजीए टूरने २०२२ मध्ये पूर्ण कार्डधारकांना हंगामात किमान पाच लाख डॉलरच्या कमाईची हमी दिली, आणि खालच्या श्रेणीतल्या सदस्यांना कट हुकल्यास प्रत्येक वेळी पाच हजार डॉलरची मदत. डीपी वर्ल्ड टूरनेही किमान १५ स्पर्धा खेळणाऱ्या पूर्ण सदस्यांना दीड लाख डॉलरची हमी जाहीर केली. म्हणजे शिडीवर जितके वर जावे तितका आधार पक्का. जिथे एक हुकलेला कट पुढच्या शहराचे तिकीट हिरावून घेतो, त्या खालच्या पायरीवर मात्र असा आधार सर्वात विरळ.

यामुळे निवडही बिघडते. हंगामाचा तोटा सोसू शकणारा टिकतो, न सोसू शकणारा गुण असूनही बाहेर पडतो. महू, टॉलीगंज किंवा दिल्लीच्या कॅडी वस्तीतून आलेला खेळाडू दोन वाईट हंगामांनी संपतो. ज्याच्या वडिलांचा व्यवसाय पाठीशी आहे त्याला पाचवा हंगामही मिळतो. पाच हंगाम खेळल्यावर दोघांपैकी कोण सरस ठरले असते, हे कधीच कळत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. विजेत्याचा वाटा थोडा कमी करून कट हुकलेल्यांना किमान प्रवास-मुक्कामाची रक्कम देता येते. एक कोटीच्या स्पर्धेत ७५ जणांना प्रत्येकी १० हजार द्यायचे तर साडेसात लाख लागतील, म्हणजे एकूण रकमेच्या साडेसात टक्के. एकाच भागातल्या स्पर्धा लागोपाठ ठेवल्या तर प्रवास वाचतो. यजमान क्लबांनी खेळाडूंच्या राहण्याची स्वस्त सोय करणे, हाही एक मार्ग. फडावर हरलेल्या पैलवानाला वाटखर्च देणाऱ्या यात्रा कमिटीला जे उमजले आहे, तेच सूत्र इथे लागू पडते : जोड टिकली तरच फड टिकतो.

नांदेड-लातूरच्या मुलामुलींसाठी वाट आहे का?

आज तरी वाट लांबची आहे. या दोन्ही जिल्ह्यांत व्यावसायिक स्पर्धा भरवता येईल असे १८ होलचे मैदान नाही. नांदेडहून सर्वात जवळचे मोठे केंद्र हैदराबाद, सुमारे २८० किलोमीटरवर. तिथल्या गोवळकोंड्याच्या पायथ्याच्या मैदानावर पीजीटीआयची गोलकोंडा मास्टर्स झाली आहे. लातूरकरांना हैदराबाद किंवा पुणे. म्हणजे खेळ सुरू करण्यासाठीच घर सोडावे लागते.

मैदान इथेच का नाही, याचे उत्तर पाण्यात आहे. १८ होलच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन आणि ती हिरवी ठेवण्यासाठी नित्य पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळीसाठी पाणी मागणे कुणालाही जड जाईल. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले होते. पुढे कधी मैदान झालेच तर ते सांडपाणी शुद्ध करून वापरणारे आणि आकाराने लहान असावे लागेल.

ज्या पालकांच्या मनात हा खेळ आहे त्यांनी काही गोष्टी आधी तपासाव्यात. मूल हौशी गटात राज्य आणि राष्ट्रीय स्तरावर कुठे उभे आहे? व्यावसायिक होण्याआधी पदवी पूर्ण होते का? पहिल्या दोन हंगामांचा पूर्ण खर्च, एकही रुपया बक्षीस न मिळता, झेपेल का? आणि थांबायचे कधी, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरले आहे का? शेवटचा प्रश्न सर्वात अवघड. कारण उपविजेतेपदाचा तो एक आठवडा नेहमी पुढच्याच शहरात असल्यासारखा वाटतो.